रॅमचा वेग: फुकट किती, विकत किती

विंडोजच्या टास्क मॅनेजरमध्ये ‘परफॉर्मन्स’ आणि त्याखाली ‘मेमरी’ उघडलं, की ‘स्पीड’ अशी एक ओळ दिसते. तिथला आकडा आणि रॅमच्या खोक्यावर छापलेला आकडा जुळतो का, एवढं आधी बघा. खोक्यावर ३६०० आणि पडद्यावर २६६६, किंवा खोक्यावर ६००० आणि पडद्यावर ४८०० असं असेल, तर तुम्ही पैसे मोजून घेतलेला वेग पहिल्या दिवसापासून पडून आहे. दुकानातून जोडून आणलेल्या कितीतरी गेमिंग पीसींची हीच अवस्था असते. दुकानदार मशिन जोडतो, विंडोज टाकतो, आरजीबीचे दिवे लागले की गिऱ्हाईकही खूश होतं. बायोसमधला एक पर्याय बदलायचा तेवढा राहून जातो.

त्यामुळे रॅमच्या ओव्हरक्लॉकिंगला खर्च किती, याचं पहिलं उत्तर शून्य रुपये असं आहे. त्यापुढच्या टप्प्याला काहीशे रुपये आणि एक-दोन रात्री लागतात. आणखी पुढे गेलात तर पैसे हजारांनी जातात, आणि बहुतेकांनी त्या वाटेला जाऊ नये असं माझं स्पष्ट मत आहे.

बाजारभावाचं आधीच सांगून टाकतो. २०२५ च्या पूर्वार्धात १६-१६ जीबीच्या दोन स्टिकचं डीडीआर५ (म्हणजे डीडीआर४ च्या पुढच्या पिढीचं) ६००० किट भारतात साधारण नऊ ते अकरा हजारांत मिळत होतं. वर्ष सरता सरता त्याचा भाव दुपटीच्याही पुढे गेला. जगातली बहुतेक मेमरी सॅमसंग, एसके हायनिक्स आणि मायक्रॉन या तीनच कंपन्या बनवतात, आणि एआयच्या डेटा सेंटरांनी त्यांचं उत्पादन ओढून नेलं. मायक्रॉनने तर डिसेंबर २०२५ मध्ये ‘क्रुशल’ हा ग्राहकांसाठीचा आपला ब्रँडच गुंडाळत असल्याचं जाहीर केलं. डीडीआर४ जुनी झाली म्हणून स्वस्त राहील, ही आशाही खोटी ठरली. अशा बाजारात रॅमचे भाव छापण्यात अर्थ नाही. अंक हातात पडेपर्यंत ते शिळे झालेले असतात. म्हणून इथे रॅमचा भाव देण्याऐवजी दोन किटमधला फरक कसा तोलायचा ते सांगितलं आहे. बाकी किरकोळ खर्चाचे आकडे ढोबळ धरा.

शून्य रुपयांचं काम

प्रत्येक स्टिकवर एसपीडी नावाची बारीकशी चिप असते. ही स्टिक किती वेगाने, कोणत्या टायमिंगने आणि किती व्होल्टवर चालवायची, हे तिच्यात नोंदलेलं असतं. मेमरीची मानकं जेडेक ही संस्था ठरवते, आणि मदरबोर्ड आपणहून फक्त त्या मानकातली नोंद वाचून कामाला लागतो. गेमिंगच्या डीडीआर४ स्टिकमध्ये ही नोंद बहुधा २१३३ ते २६६६ ची असते, डीडीआर५ मध्ये ४८०० ची किंवा ५६०० ची. खोक्यावर मिरवलेला वेग दुसऱ्या नोंदीत असतो आणि ती आपण चालू करावी लागते. इंटेलने ही सोय २००७ मध्ये डीडीआर३ च्या वेळी आणली, ती एक्सएमपी. एएमडीने २०२२ मध्ये रायझन ७००० बरोबर स्वतःची आणली, ती एक्सपो. असूसच्या डीडीआर४ वाल्या एएमडी बोर्डांवर हाच पर्याय डीओसीपी या नावाने सापडेल, एमएसआयच्या बोर्डांवर ए-एक्सएमपी या नावाने.

मशिन सुरू होताना डिलीट किंवा एफ२ दाबत राहा, बायोस उघडेल. आजकालच्या बोर्डांवर पहिल्याच पानावर हा पर्याय असतो. तो चालू करा, एफ१० दाबून सेव्ह करा, झालं.

डीडीआर५ च्या मशिनवर मात्र, त्यातही एएमडीच्या एएम५ सॉकेटवर, इथे पोटात गोळा येतो. सेव्ह केल्यावर मशिन बंद होऊन पुन्हा चालू होतं, पंखे फिरू लागतात, मदरबोर्डच्या कडेला ‘डीरॅम’ लिहिलेला बारीक दिवा लागतो आणि पडदा काळा तो काळाच. एक मिनिट जातं, दोन जातात. रॅम उडाली असं वाटून माणूस बटण दाबून धरतो. खरं तर त्या वेळी प्रोसेसरमधला मेमरी कंट्रोलर नव्या वेगाला स्टिकशी सिग्नलची वेळ जुळवत असतो. याला मेमरी ट्रेनिंग म्हणतात. मधेच बंद केलंत तर पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. चहा टाका आणि दहा मिनिटं मशिनला हात लावू नका.

एवढं करूनही मशिन उठलं नाही, तर बरेच बोर्ड दोन-तीन प्रयत्नांनंतर आपणहून जुन्या सेटिंगवर परत येतात. न आल्यास सीएमओएस पुसायचं. वीज बंद करून, केबल काढून, बोर्डावरची त्यासाठीची जंपरची जोडी स्क्रूड्रायव्हरच्या टोकाने काही सेकंद जोडायची, किंवा नाण्याएवढा सीआर२०३२ सेल पाच मिनिटं काढून ठेवायचा. सेल जुना असेल तर बदलूनच टाका, तीस-पन्नास रुपयांत घड्याळाच्या दुकानातही मिळतो. घरी येऊन हे करून देणारा तंत्रज्ञ तीनशे ते हजार रुपये घेतो. मॅन्युअल उघडायची तयारी असेल तर ते पैसे वाचतात.

काही वेळा, विशेषतः एएम५ वर, बायोस नवं केल्याशिवाय एक्सपो धड चालत नाही. नवं बायोस फुकट असतं, जोखीम विजेची असते. ते टाकताना लाइट गेली तर बोर्ड बसू शकतो. आपल्याकडच्या बऱ्याच गावांत दुपारच्या विजेचा भरवसा नाही, तेव्हा यूपीएस असल्याशिवाय हे काम करू नका. घरात नसेल तर मित्राचा आणा. ६०० व्हीएचा साधा यूपीएस अडीच-तीन हजारांपासून सुरू होतो, पण फक्त या कामासाठी तो विकत घ्यावा असं नाही. बोर्डाच्या मागे ‘बायोस फ्लॅशबॅक’चं बटण असेल तर बसलेला बोर्डही पेन ड्राइव्हवरून उठवता येतो.

तुमच्या बोर्डाला हे झेपतं का?

इंटेलच्या बाजूला इथेच घोडं पेंड खातं. एच६१० किंवा एच५१० चिपसेटचे स्वस्त बोर्ड मेमरी ओव्हरक्लॉक करू देत नाहीत. प्रोसेसरच्या अधिकृत मर्यादेला पोचले की थांबतात. त्यांत महागडी ३६०० ची स्टिक घातली तर ती फार तर ३२०० लाच चालणार. बी मालिकेत ही मुभा २०२१ च्या बी५६० पासून आली, म्हणजे बी६६० आणि बी७६० चालतील, पण बी४६० नाही. झेड मालिकेला ती आधीपासूनच आहे. आणखी एक खोच म्हणजे बाराव्या ते चौदाव्या पिढीच्या ज्या प्रोसेसरांच्या नावापुढे ‘के’ नाही, त्यांच्यात मेमरी कंट्रोलरचं एक व्होल्टेज कुलूपबंद असतं. त्यामुळे डीडीआर४ चं ३६०० त्यांच्यावर पूर्ण ताकदीच्या ‘गिअर १’मध्ये चालेलच असं नाही. ३२०० वर कमी सीएलची (सीएल म्हणजे काय ते पुढे येईलच) स्टिक तिथे शहाणपणाची.

एएमडीकडे मोकळीक जास्त. अगदी ए५२० आणि ए६२० या तळाच्या चिपसेटवर प्रोसेसर ओव्हरक्लॉक होत नाही, मेमरी होते.

फरक पडेल कोणाला?

खरा निर्णय इथे व्हायला हवा, आणि त्याची चाचणीही फुकट आहे. एमएसआय आफ्टरबर्नर हे सॉफ्टवेअर टाका. ते कोणत्याही कंपनीच्या कार्डावर चालतं. गेम चालू असताना पडद्याच्या कोपऱ्यात ग्राफिक्स कार्डाचा वापर आणि एफपीएस, म्हणजे सेकंदाला किती फ्रेम, दिसतील असं लावा. मग तुम्ही एरवी खेळता त्याच सेटिंगवर, गर्दीच्या आणि मारामारीच्या जागी पंधरा-वीस मिनिटं खेळा.

कार्डाचा वापर ९७ ते ९९ टक्क्यांवर चिकटून राहत असेल, तर गाडी कार्डापाशी अडली आहे. रॅमचा वेग कितीही वाढवा, एफपीएस जागचे हलणार नाहीत. १४४० पिक्सेलच्या मॉनिटरवर रे ट्रेसिंग लावून सायबरपंक २०७७ खेळणाऱ्याची हीच स्थिती असते. त्याने रॅमवर रुपयाही घालू नये. उलट व्हॅलोरंट किंवा काउंटर-स्ट्राइक २ सारखा गेम १०८० पिक्सेलवर, खालच्या सेटिंगवर खेळताना कार्ड साठ-सत्तर टक्क्यांवर रेंगाळत असेल, तर प्रोसेसर कार्डाला कामच वेळेवर पुरवत नाही. प्रोसेसरही बऱ्याचदा रॅममधून माहिती येण्याची वाट बघत बसलेला असतो. रॅमचा वेग तिथे कामी येतो.

अशा गेममध्ये एक्सएमपी बंद असलेल्या मशिनवर ते चालू केलं, तर सरासरी एफपीएस दहा टक्क्यांच्या आसपास, काही ठिकाणी वीस टक्क्यांपर्यंत वाढलेले दिसू शकतात. सरासरीपेक्षा ‘एक टक्का लो’ हा आकडा जास्त बघा. सर्वांत संथ एक टक्का फ्रेम कोणत्या वेगाने आल्या, हे तो सांगतो. सरासरी १६० असूनही स्मोक फुटला, चार जण एकदम समोर आले की क्षणभर अडखळल्यासारखं होतं ना, ते याच आकड्यात पकडलं जातं. रॅमचा फायदा बहुधा इथेच आधी जाणवतो.

मॉनिटर ६० हर्ट्झचा असेल आणि गेम आधीच सतत ९० एफपीएस देत असेल, तर वाढलेले एफपीएस फारसे डोळ्यांपर्यंत पोचणार नाहीत. आधी १४४ किंवा १६५ हर्ट्झचा मॉनिटर बघा. तसंच रायझन ७ ५८००एक्स३डी, ७८००एक्स३डी, ९८००एक्स३डी या प्रोसेसरांच्या पोटातच ९६ एमबी एल३ कॅश असते. त्यांना रॅमकडे कमी वेळा धाव घ्यावी लागते, म्हणून महाग रॅमचा त्यांच्यावर फरकही कमी पडतो. असा प्रोसेसर घेतलेल्याने साधं ६००० चं किट घ्यावं, एक्सपो चालू करावं आणि खेळत बसावं.

सगळ्यांत जास्त फायदा मात्र ज्यांच्याकडे वेगळं ग्राफिक्स कार्डच नाही, त्यांना. रायझन ५ ५६००जी सारख्या प्रोसेसरमधला ग्राफिक्सचा भाग मुख्य रॅमच वापरतो. डीडीआर४ ३२०० ची एकच स्टिक असेल तर त्याला सेकंदाला २५.६ जीबीचा रस्ता मिळतो. दोन स्टिक दोन चॅनेलवर लावल्या की ५१.२ जीबीचा. तुलनेसाठी, आरटीएक्स ४०६० या मध्यम कार्डाला स्वतःच्या मेमरीकडून सेकंदाला २७२ जीबी मिळतात. म्हणजे हा ग्राफिक्सचा भाग कायम उपाशीच असतो. इथे एका स्टिकच्या दोन करणं हे कोणत्याही ओव्हरक्लॉकिंगपेक्षा मोठं काम करून जातं, आणि त्यानंतर एक्सएमपीचा वाढीव वेग थेट एफपीएसमध्ये दिसतो. ‘पुढे वाढवता येईल’ म्हणून दुकानदार १६ जीबीची एकच स्टिक गळ्यात मारतो. असा पीसी घेणाऱ्याने ८-८ च्या दोनच मागाव्यात.

लॅपटॉपवाल्यांची निराशा करावी लागतेय. बहुतेक लॅपटॉपच्या बायोसमध्ये एक्सएमपीचा पर्यायच नसतो, आणि पातळ मॉडेलमध्ये रॅम बोर्डालाच झाळलेली असते. एक खण रिकामा असेल तर तेवढ्याच आकाराची, तेवढ्याच वेगाची स्टिक घालून दोन्ही चॅनेल चालू करा. लॅपटॉपवर रॅमसाठी याहून काही करण्यासारखं नाही.

काहीशे रुपये आणि एक रात्र

एक्सएमपी चालू झालं, विंडोज उघडलं, गेमही चालला, की माणूस विषय संपला असं धरतो. डळमळीत रॅमचा त्रास मात्र असा असतो की ती लगेच पडत नाही. आठवड्याने एखादा गेम ‘फाइल खराब आहे’ म्हणतो, मग झिप उघडत नाही, मग निळा पडदा येतो, आणि तोवर विंडोजच्या एक-दोन फायली चुकीच्या लिहिल्या गेलेल्या असतात. डीडीआर५ मध्ये चिपच्या आत चूक सुधारण्याची सोय असते. तिच्या भरवशावर राहू नका, स्टिक आणि प्रोसेसर यांच्या मधल्या वाटेवर झालेली चूक ती पकडत नाही.

म्हणून चाचणी हवी. मेमटेस्ट८६ फुकट आहे. पेन ड्राइव्हवर टाकून मशिन त्यावरून सुरू करायचं. ३२ जीबी रॅमला त्याच्या चार फेऱ्या पूर्ण व्हायला काही तास लागतात, तेव्हा रात्री लावून झोपा. एकही चूक दिसली तर सेटिंग नापास. ‘एकच तर आहे’ इथे चालत नाही. विंडोजच्या आत चालणारं टेस्टमेम५ हेही फुकट आहे आणि बारीक चुका पकडण्यात जास्त तिखट. कारहू रॅम टेस्ट विकत मिळतं, साधारण दहा युरोंना. रोज नवी टायमिंग लावून बघणाऱ्यांनी ते घ्यावं, बाकीच्यांनी नाही.

या टप्प्याचा हिशेब असा पडतो. पेन ड्राइव्ह घरात नसेल तर तीन-चारशे रुपये. रात्रभरच्या चाचणीत मशिन शंभर वॉटच्या आसपास खातं, म्हणजे आठ तासांत एक युनिटही पुरतं होत नाही. बिलात दहा-पंधरा रुपये. वाढलेल्या व्होल्टेजमुळे रॅम रोज जी जास्तीची वीज घेते, ती मोजके वॉटच असते, महिन्याच्या बिलात ती शोधूनही सापडणार नाही.

आपल्याकडे आणखी एक खर्च धरावा, तो उन्हाळ्याचा. तापली की मेमरी चुका करू लागते, आणि ओढूनताणून लावलेल्या टायमिंग आधी ढासळतात. जानेवारीत निर्धास्त पास झालेलं सेटिंग नागपूर-चंद्रपूरच्या मे महिन्यात, खोलीतच चाळीसच्या घरात पारा असताना, तोंडघशी पडू शकतं. डीडीआर५ च्या स्टिकवरच तापमानाचा सेन्सर असतो. एचडब्ल्यूइन्फो या फुकट सॉफ्टवेअरमध्ये तो वाचता येतो. गेम खेळताना आकडा पन्नाशीच्या पुढे जात असेल, तर कॅबिनेटमध्ये रॅमच्या दिशेने हवा फेकणारा १२० मिलिमीटरचा एक पंखा लावा. तीनशे ते सहाशे रुपयांत काम होतं. चकचकीत हीटसिंकसाठी हजार रुपये जास्त देण्यापेक्षा हा पंखा केव्हाही उपयोगी. आणि उन्हाळ्यात एक चाचणी एसी बंद ठेवून दुपारीही घ्या.

कोकणात आणि मुंबईत त्रास दमट, खाऱ्या हवेचा. स्टिकच्या सोनेरी दातांवर पुट चढतं आणि तीन वर्षं चाललेलं एक्सएमपी अचानक चुका देऊ लागतं. रॅम गेली असं ठरवण्याआधी स्टिक काढा, दात पांढऱ्या खोडरबराने हलक्या हाताने घासा, भुसा झटका आणि खण अदलाबदल न करता परत बसवा. दुरुस्तीच्या दुकानात याचेच दोनशे-तीनशे रुपये घेतात.

हाताने टायमिंग लावणं

यापुढे छंद सुरू होतो. बायोसमध्ये प्राथमिक टायमिंगखेरीज टीआरएफसी, टीआरईएफआय अशा डझनावारी उपटायमिंग असतात, आणि खोक्यावरच्या नोंदीत त्या बऱ्याच सैल सोडलेल्या असतात. त्या आवळल्या तर प्रोसेसर अडवत असलेल्या गेममध्ये आणखी काही टक्के मिळतात. स्टिकमध्ये कोणत्या चिप आहेत यावर बरंच अवलंबून असतं. डीडीआर४ मध्ये सॅमसंगची बी-डाय यासाठी गाजली, डीडीआर५ मध्ये हायनिक्सच्या एम-डाय आणि ए-डाय. पैसे लागत नाहीत, पण एकेक बदल, मग चाचणी, मग पुढचा बदल असं करताना शनिवार-रविवार सहज जातात. ज्याला यात मजा वाटते त्याने जरूर करावं. नुसते एफपीएस हवे असणाऱ्याने काही गिगाबाइट बोर्डांवर मिळणारं ‘लो लेटन्सी’ किंवा एमएसआयच्या बोर्डांवरचं ‘मेमरी ट्राय इट’ वापरून बघावं आणि रात्रभराची चाचणी पुन्हा घ्यावी.

इथे एका बाबतीत मी कडक आहे: व्होल्टेज. डीडीआर४ चं मानक १.२ व्होल्टचं आणि एक्सएमपीचं बहुधा १.३५; डीडीआर५ चं मानक १.१ आणि एक्सएमपी-एक्सपोचं साधारण १.२५ ते १.४. कंपनीने नोंदीत लिहिलंय त्याच्या वर जायचं कारण गेम खेळणाऱ्याला नसतं. एएम५ वर त्याखेरीज ‘एसओसी’ व्होल्टेज वेगळं तपासा. एप्रिल २०२३ मध्ये रायझन ७०००एक्स३डी प्रोसेसर सॉकेटसकट जळाल्याच्या घटना उघड झाल्या. एक्सपो चालू केल्यावर काही बोर्ड हे व्होल्टेज आपणहून फार वर नेत होते. त्यानंतर एएमडीने नव्या बायोसमधून त्याला १.३ व्होल्टची कमाल मर्यादा घातली. तेव्हाचा बोर्ड घेतलेला असेल आणि बायोस त्या काळातलंच असेल, तर एक्सपोला हात लावण्याआधी ते बदला.

नवी रॅम घेणार असाल तर

काउंटरवर ‘३२०० म्हणजे ३२००च साहेब’ हे वाक्य हमखास ऐकू येतं. ते खरं नाही. स्टिकवरचं लेबल वाचा: वेगाच्या शेजारी सीएल लिहिलेलं असतं. सीएलला २००० ने गुणा आणि वेगाच्या आकड्याने भागा, म्हणजे नॅनोसेकंदांत उत्तर मिळतं. ३२०० सीएल २२ ची हिरवी, बिनहीटसिंकची स्टिक १३.७५ नॅनोसेकंद घेते. ३२०० सीएल १६ ची १०. डीडीआर५ मध्ये ५६०० सीएल ४६ ला १६.४ लागतात, ६००० सीएल ३६ ला १२, ६००० सीएल ३० ला पुन्हा १०. एकूण वाट बघण्यात आणखीही बऱ्याच गोष्टी मिसळतात, पण दुकानात उभं राहून दोन किटची तुलना करायला एवढं गणित पुरतं.

रायझन ३००० आणि ५००० साठी डीडीआर४ ३६०० आणि रायझन ७००० साठी डीडीआर५ ६००० हे ठरलेले आकडे आहेत. त्यापुढे प्रोसेसरच्या आतल्या जोडणीचा किंवा मेमरी कंट्रोलरचा वेग रॅमच्या वेगाशी जुळणं अवघड होतं आणि जास्त पैसे देऊन कधी कधी मागेच जायला होतं. इंटेलच्या नव्या प्रोसेसरांवर ७२०० किंवा त्याहून वरची किट चालतात, पण त्यांना चांगला बोर्ड लागतो आणि नशिबाने बरा मेमरी कंट्रोलरही. किट महाग, त्यासाठी बोर्ड महाग, आणि एवढं करून जे एफपीएस मिळतात तेवढे एक पायरी वरच्या ग्राफिक्स कार्डात आरामात मिळतात.

माझी पट्टी अशी: एकाच क्षमतेच्या दोन किटमध्ये भावाचा फरक दहा टक्क्यांच्या आत असेल, तर कमी सीएलचं घ्या. वीस टक्क्यांच्या वर गेला तर ते पैसे ग्राफिक्स कार्डाच्या खात्यात टाका. आणि १६ जीबीचं वेगवान किट की ३२ जीबीचं साधं, असा पेच पडला तर ३२ घ्या. रॅम कमी पडून विंडोज एसएसडीकडे धावू लागलं की एक्सएमपीचा सगळा फायदा मातीमोल होतो.

किट एकाच खोक्यातलं घ्या. आज एक, पुढच्या दिवाळीला दुसरी अशा स्टिक नाव-नंबर सारखे असूनही आत वेगळ्या चिपच्या निघू शकतात, आणि मग एक्सएमपी अडतं. चारही खण भरण्याचा मोह टाळा. रायझन ७००० वर चार स्टिक लावल्या तर एएमडीची अधिकृत हमी डीडीआर५ ३६०० इतकी खाली येते. दोन स्टिक असतील तर प्रोसेसरपासून मोजून दुसऱ्या आणि चौथ्या खणात बसवा, बहुतेक बोर्डांवर तीच जागा असते.

बिल, वॉरंटी आणि जुनी स्टिक

संगणकाच्या भागांवर १८ टक्के जीएसटी असतो. ‘बिल नको, तेवढे कमी करतो’ या सौद्यात वॉरंटीवर पाणी सोडावं लागतं. गेमिंगच्या रॅमवर बरेच ब्रँड आजीवन मर्यादित वॉरंटी देतात, ती बिलाशिवाय मागणार कशी? भाव चढलेले असताना जुन्या बाजारातली स्टिक स्वस्त वाटते. ती घ्यायची तर विकणाऱ्याच्याच मशिनमध्ये एक्सएमपी चालू करून, सीपीयू-झेड या सॉफ्टवेअरमध्ये मॉडेल नंबर वाचून आणि मेमटेस्टची निदान एक फेरी पूर्ण झालेली बघून घ्या. सीपीयू-झेडमध्ये वेग अर्धा दिसतो, ३२०० च्या जागी १६००. त्यात फसवणूक नाही, डीडीआर एका ठोक्याला दोनदा माहिती पाठवते.

प्रोसेसरची वॉरंटी हा वेगळा मामला आहे. इंटेल आणि एएमडी दोघेही एक्सएमपी-एक्सपोला ओव्हरक्लॉकिंगच मानतात, आणि त्यामुळे झालेलं नुकसान वॉरंटीत धरत नाहीत असं त्यांच्या अटींत लिहिलेलं असतं. कंपनीने दिलेल्या नोंदीवर, मर्यादेतल्या व्होल्टेजवर मशिन चालवण्यात मला ही जोखीम स्वीकारण्याजोगी वाटते. हाताने व्होल्टेज वाढवणाऱ्याने मात्र वॉरंटीची आशा ठेवू नये.

रॅम खोक्यावरच्या वेगाला चालतच नसेल, तर आधी बोर्डाच्या संकेतस्थळावरची चाललेल्या रॅमची यादी, म्हणजे क्यूव्हीएल, बघा. यादीत असूनही चालत नसेल तर एकेक स्टिक वेगवेगळी तपासा आणि मेमटेस्टच्या चुकांचा फोटो काढून ठेवा. सेवा केंद्राला तोच दाखवायचा असतो. केंद्राने टोलवाटोलवी केली तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे. वॉरंटीत बहुधा अख्खं किट द्यावं लागतं, एकच स्टिक बिघडली असली तरी. बदलून यायला दोन-तीन आठवडे सहज लागतात, म्हणून नवं किट घेतल्यावर त्याच पिढीची जुनी ८ जीबीची स्टिक दोन पैशांसाठी विकून टाकू नका. तेवढे दिवस मशिन तिच्यावरच चालवायचं आहे.